नळाच्या पाण्याचा कस

मृगाचे दोन-चार लोंढे येऊन गेले म्हणजे आमच्या खानदेशातील शहरांत एक ठराविक देखावा दरसाल दृष्टीस पडतो. नळास पाणी येते ते मातकट रंगाचे. गृहिणी तोटीला दुहेरी फडके बांधतात, हंड्यात तुरटीचा खडा फिरवितात, आणि पहिल्या दोन कळशा मोरीत ओतून देतात. त्याच सुमारास सूचना निघते, की नागरिकांनी पाणी गाळून व उकळून प्यावे. ही सूचना इतक्या वेळा कानांवरून गेली आहे की तिचा अर्थ काय होतो इकडे कोणाचे लक्षच जात नाही. जो दुकानदार गिऱ्हाइकास धान्य देतो आणि वर सांगतो की यांत खडे असतील, निवडून घ्या, त्यास आपण दोन शब्द सुनावल्याखेरीज राहत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र तीच गोष्ट आपण मुकाट्याने मान्य करतो; इतकेच नव्हे, तर सूचना वेळेवर निघाली म्हणून समाधानही मानतो.

गढूळ पाणी दिसते तरी. डोळ्यांस जे दिसते त्यापासून मनुष्य सावध होतो. आम्हांस भय वाटते ते स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याचे. कावीळ, विषमज्वर, हगवण यांचे जंतू पाण्यास रंग आणीत नाहीत व चवही आणीत नाहीत. काचेच्या पेल्यात धरून पाहिले असता जे पाणी आरशासारखे दिसते, त्यांत एखाद्या गर्भवतीच्या मृत्यूचे कारण असू शकते. हे आम्ही अलंकारासाठी लिहीत नाही. दूषित पाण्यातून पसरणारी 'ई' प्रकारची कावीळ धडधाकट मनुष्यास बहुधा महिना-दीड महिना अंथरुणास खिळवून सोडून देते. पण गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत तीच कावीळ झाली तर शंभरांतील वीस-पंचवीस स्त्रियांपर्यंत बळी घेते, असा वैद्यांचा अनुभव आहे.

जळगावच्या सराफ बाजाराची कीर्ती आम्ही सांगावयास नको. या बाजारात सोने कसोटीवर घासल्यावाचून कोणी घेत नाही, आणि आता तर हॉलमार्कचा शिक्का पाहिल्यावाचून गिऱ्हाईक बोलतच नाही. हा शिक्का ज्या भारतीय मानक ब्यूरोच्या अधिकाराने मारला जातो, त्याच ब्यूरोने पिण्याच्या पाण्याचेही मानक ठरवून ठेवले आहे, ही गोष्ट मात्र बाजारातील शंभरांत एकास तरी ठाऊक असेल की नाही याची आम्हांस शंका आहे. त्या मानकाचा क्रमांक आयएस 10500. 2012 साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेची खूण सांगणारा जंतू एकही आढळता कामा नये. गढूळपणा 1 एककाच्या आत असावा, दुसरा मार्गच नसेल तेथे फार तर 5. विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅम, आणि पर्याय नसेल तर 2,000 पर्यंत. नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर नाही. आणि जंतुनाशासाठी घातलेला क्लोरीन नळाच्या तोटीशी लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम तरी शिल्लक असावा. यांत न समजण्यासारखे काही नाही. कापसाच्या धाग्याची लांबी व ओल पाहून भाव करणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंस हे आकडे एका बैठकीत मुखोद्गत होतील.

2019 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने या मानकाची कसोटी लावून राजधानीच्या शहरांतील नळाचे पाणी तपासविले. मुंबईचे दहाही नमुने कसास उतरले. दिल्लीच्या अकरा नमुन्यांपैकी एकही उतरला नाही. त्या वेळी दिल्लीत मोठा कल्लोळ झाला आणि मंत्री व मुख्यमंत्री यांच्यात शब्दाशब्दी झाली. आम्हांस त्या वादाशी कर्तव्य नाही. आमचे म्हणणे एवढेच की आकडे छापले गेले म्हणून वाद तरी झाला. जळगाव व धुळे येथील नळांचे आकडे वॉर्डवार छापून दर महिन्यास नागरिकांच्या हाती पडण्याची रीत आपल्याकडे नाही, म्हणून आपल्याकडे वादही नाही. आणि ही शांतता समाधानाची आहे असे कोणी समजू नये.

आता या दोन शहरांस पाणी येते कोठून ते पाहू. जळगावची तहान पूर्वी गिरणेवर भागत असे. पुढे वाघूर धरणाचा आधार झाला. ही वाघूर अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून त्या जगप्रसिद्ध लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेऊन खाली येते व तापीस मिळते. धरणाचे पाणी उमाळे येथील शुद्धीकरण केंद्रांतून शहराकडे येते. धुळ्यास नकाणे व डेडरगाव हे जुने तलाव. त्यांच्या जोडीला बाभळ्याकडून तापीचे पाणी. आणि 2019 च्या फेब्रुवारीत अमृत योजनेखाली शहराच्या नव्या पाणीयोजनेची कोनशिला बसली, तिचा भरवसा पांझरेवरील अक्कलपाडा धरणावर. म्हणजे पाण्याचे उगम आहेत, केंद्रे आहेत, योजनाही आहेत. केंद्रात हवा देणे, तुरटी घालून गाळ बसविणे, वाळूतून गाळणे व शेवटी क्लोरीन मिसळणे ही क्रिया नीट चालली तर तेथून बाहेर पडणारे पाणी बहुतेक वेळा पिण्यास योग्यच असते. केंद्रावर काम करणाऱ्या मंडळींस सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल.

मग पाणी बिघडते कोठे? ते बिघडते वाटेवर, आणि याचे कारण असे आहे की आमच्या शहरांत नळ चोवीस तास भरलेला नसतो. धुळेकरांनी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट वर्षानुवर्षे पाहिली आहे. जळगावासही दिवसाआड, दोन दिवसांआड पाण्याची सवय जडलेली आहे. लोक या गोष्टीकडे केवळ गैरसोय म्हणून पाहतात. हा त्रास पाण्याच्या मापाचा आहे, शुद्धतेचा त्याशी संबंध नाही, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा आहे, आणि तो जितक्या लवकर जाईल तितके बरे.

नळ भरलेला व दाबाखाली असतो तोपर्यंत त्यास भोक पडले तर पाणी आतून बाहेर जाते. बाहेरची घाण आत शिरू शकत नाही. पुरवठा बंद झाला म्हणजे हा दाब नाहीसा होतो. नळ रिकामा होताना उतारावर पाणी ओसरते आणि मागे पोकळी होऊन नळ ओढ घेऊ लागतो. ज्या रस्त्याच्या पोटातून नळ गेला आहे त्याच पोटातून, कधी हातभर अंतरावरून, कधी थेट वरून, गटार गेलेले असते. गंजलेला सांधा, घाईने काढलेली जोडणी, रस्ता खणताना लागलेला पहारीचा टोला, यांतून गटारातील द्रव त्या रिकाम्या नळात हळूहळू झिरपतो व तेथे वाट पाहत राहतो. पुढल्या पाळीस पाणी सुटले की सगळ्यांत आधी हेच घराघरांत जाते. त्यातच नळास थेट मोटार लावून पाणी ओढण्याची चाल आपल्याकडे सर्रास पडली आहे. मोटार म्हणजे शोषण करणारे यंत्र. ती ज्याप्रमाणे शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढते त्याप्रमाणेच गटाराचेही ओढते. शेजाऱ्याचा अपराध करतो म्हणून मोटार लावणारास चार लोक बोल लावतात; तो आपल्याच मुलांच्या पेल्यात काय ओढून आणतो हे त्यास कोणी सांगत नाही.

हा केवळ तर्क नव्हे. कर्नाटकांत हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांत काही वॉर्डांस चोवीस तास पाणी मिळू लागले आणि उरलेल्यांस पूर्वीप्रमाणे काही दिवसांआड मिळत राहिले. पाण्याचे शुद्धीकरण दोहोंचे एकच. संशोधकांनी दोन्हीकडील नळांचे नमुने तपासले व 2013 साली निष्कर्ष छापले. अखंड पुरवठ्याच्या नमुन्यांत ई. कोलाय सापडला तो शंभरांत एकाहून कमी ठिकाणी; खंडित पुरवठ्याच्या नमुन्यांत सुमारे बत्तीस ठिकाणी. एकच धरण, एकच तुरटी, एकच क्लोरीन; फरक पडला तो नळ रिकामा राहिल्याने.

आठ दिवसांच्या नळाचे दुसरे पाप घरांत घडते. आठ दिवसांचे पाणी साठवावयाचे तर पिंपे, हौद, टाक्या, ड्रम भरून ठेवणे आले. शिल्लक असलेला क्लोरीन उघड्या भांड्यात एक-दोन दिवसांतच उडून जातो. पुढचे दिवस ते पाणी निराधार असते. त्यांत लहान मूल पेला बुडविते, न धुतलेला हात बुडतो, आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यावर डेंग्यूचा डास अंडी घालतो. डेंग्यूच्या दिवसांत घरोघर येऊन पिंपे रिकामी करावयास सांगणारे कर्मचारी आणि आठ दिवस नळ न सोडणारी व्यवस्था ही दोन्ही एकाच कार्यालयाची असावीत, हा विनोद आमच्या लक्षात येत नाही इतके आम्ही त्यास सरावलो आहोत.

वाटेवर बिघडलेल्या पाण्याने काय होते याची उदाहरणे दूरची नाहीत. सातपुड्यापलीकडचे इंदूर हे आमच्या व्यापाऱ्यांच्या रोजच्या ये-जा करण्यातले शहर. देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून त्याचा एकदा नव्हे, सलग आठ वेळा गौरव झाला. त्याच इंदुरातील भागीरथपुरा वस्तीत 2025 च्या डिसेंबरअखेर नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळले, शेकडो माणसे वांती-जुलाबांनी इस्पितळात गेली व अनेकांचे प्राण गेले. मृतांच्या आकड्यावरून सरकार व रहिवासी यांच्यांत वाद माजला. रस्ते झाडलेले होते, भिंती रंगविलेल्या होत्या. जमिनीखालच्या नळाकडे पाहावयाचे राहून गेले होते. त्याच वर्षाच्या जानेवारीत आमच्या पुण्यास सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत हातापायांची शक्ती हरण करणाऱ्या गियाँ-बारे विकाराचे दोनशेंवर संशयित रोगी निघाले, आणि अनेकांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून येणारा कँपिलोबॅक्टर हा जंतू आढळला. विद्येच्या माहेरघरी हे घडले.

याहून जुने पण अधिक बोधप्रद उदाहरण दिल्लीचे आहे. 1955 साली यमुनेच्या पुराने नजफगडच्या नाल्याचे मैलापाणी उलटे फिरून वझिराबाद येथे शहरासाठी पाणी घेण्याच्या जागेपाशी आले. केंद्रावरील अधिकाऱ्यांनी धोका ओळखून क्लोरीन वाढविला. विषमज्वराची साथ टळली. परंतु काविळीचा विषाणू त्या मात्रेस पुरून उरला, आणि वर्षाच्या अखेरीपासून पुढील जानेवारीपर्यंत सुमारे 29,000 लोक पिवळे पडले. या काविळीची एक खोड ध्यानांत घेण्याजोगी आहे. जंतू पोटात गेल्यापासून रोग दिसावयास दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणजे आषाढात प्यालेल्या पाण्याची कावीळ श्रावणांत दिसते. तोवर पाऊस ओसरलेला असतो, फुटका सांधा कदाचित बुजलेला असतो. रोगी निघाल्यावर धावपळ करून घेतलेला नमुना शुद्ध ठरतो, आणि "आमच्या पाण्यात दोष नाही" असे पत्रक निघते. ते पत्रक खोटे नसते. ते फक्त दीड महिना उशिराचे असते. म्हणूनच साथ आल्यावर घेतलेल्या नमुन्यास आम्ही काडीची किंमत देत नाही. नमुना दर आठवड्यास, साथ नसताना, तोटीशी घेतला पाहिजे, आणि तोही पाळीचे पहिले पाणी असताना.

युरोपास ही अक्कल 1892 साली आली. जर्मनीत हांबुर्ग व आल्टोना ही शहरे एकमेकांस इतकी लागून होती की सीमेवरच्या रस्त्याची एक बाजू एकीची व दुसरी बाजू दुसरीची. दोघीही एल्बे नदीचे पाणी पीत. आल्टोना ते वाळूच्या थरांतून गाळून घेई. श्रीमंत हांबुर्गाने गाळण्यांचा खर्च वर्षानुवर्षे लांबणीवर टाकला होता. पटकीची साथ आली तेव्हा हांबुर्गांत साडेआठ हजारांवर माणसे मेली, आणि साथ सीमेवरील रस्त्यापाशी येऊन जणू थबकली. रॉबर्ट कॉक यांनी हे दाखवून दिल्यावर मग घाईघाईने गाळण्या बांधण्यात आल्या. काटकसर कोणी केली व खर्च कोणी भरला, याचा हिशेब तेथील व्यापाऱ्यांस बंदर बंद पडल्यावर नीट समजला.

येथे आम्हांस आपल्या समाजाच्या एका जुन्या दोषाविषयी लिहिणे भाग आहे. पाण्याच्या पावित्र्याची चिंता आम्ही हिंदू लोकांनी जितकी वाहिली तितकी क्वचितच कोणी वाहिली असेल. मुंबईस 1860 साली विहार तलावाचे पाणी नळाने आले तेव्हा ते सोवळ्यात चालेल काय, नळाच्या आतल्या चामड्याचा विटाळ होतो काय, यावर शास्त्रार्थ रंगले. पाणवठ्यावर कोणाची सावली पडली, घागरीस कोणाचा हात लागला, याचा आम्ही सूक्ष्म विचार केला. आणि त्या विचारापायी आपल्याच लाखो बांधवांस तळ्यांपासून व विहिरींपासून दूर ठेवले. जोतीराव फुले यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. 1927 च्या मार्चात डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी घेतले, तर तेथील सनातन्यांनी मंत्र म्हणून तळे 'शुद्ध' केले. त्या तळ्यांत गुरे डुंबत होती याची त्यांस खंत नव्हती. जे पावित्र्य मनुष्याच्या स्पर्शाने जाते आणि मैल्याने जात नाही, ते पावित्र्य नव्हे, तो अहंकार होय. आज स्पर्शाचा विटाळ कायद्याने गेला आहे. पण शहराचा नकाशा काढून पाहा. जुन्या नळाच्या शेवटच्या टोकास, दाब कमी व गटार उघडे अशा ठिकाणी राहतात कोण? तेथल्या तोटीशी क्लोरीन शिल्लक राहतो काय, हे कोणी तपासतो काय? नमुना घ्यावयाचाच तर तो टाकीच्या पायथ्याशी किंवा एखाद्या बड्या वसाहतीत घेतल्याने काय सिद्ध होणार? ज्या गल्लीत घमेले ठेवून पाणी धरतात त्या गल्लीचा नमुना हाच शहराचा खरा नमुना.

सुस्थितीतील आमचे वाचक म्हणतील, आम्ही यंत्र बसविले आहे, किंवा थंड पाण्याचा जार येतो. बरे आहे. घराघरांतील आर.ओ. यंत्र पाणी गाळताना निम्म्याहून अधिक पाणी मोरीत सोडते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या मुलखास हा व्यवहार कितपत परवडतो याचा ज्याने त्याने विचार करावा. जेथे क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे अशा यंत्रांस मनाई करावी असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 साली सरकारास सुचविले, ते उगीच नव्हे. धरणाच्या पाण्यास बहुधा त्याची गरजच नसते; गरज असते ती जंतू मारण्याची. आणि जार? दुकानात, लग्नात, कचेरीत जो निळा-पांढरा जार येतो तो बहुतेक वेळा कूपनलिकेचे पाणी थंड करून भरलेला असतो. त्यावर मोहोर नसते, तारीख नसते, कसोटी नसते. पाणी गार आहे म्हणून ते शुद्ध आहे असे आम्ही धरून चालतो. सोन्याच्या गावात पितळ याहून स्वस्तात खपले नसते.

कूपनलिकेविषयी आणखी दोन शब्द. रावेर-यावलकडे केळीच्या बागांनी तापीच्या गाळातील पाणी इतके उपसले आहे की त्या तालुक्यांचे नाव भूजलाच्या अति-उपशाच्या यादीत आले. 2025 च्या मे महिन्यात मध्यप्रदेश व महाराष्ट्र या सरकारांनी तापीच्या महापुनर्भरणाचा करार केला, त्याचे मूळ या उपशांतच आहे. खतांचा नायट्रेट जमिनीत मुरतो, संडासांच्या शोषखड्ड्यांचाही मुरतो. तो उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्याने अधिक दाट होतो. तान्ह्या मुलास पावडरीचे दूध अशा पाण्यात कालवून दिल्यास त्याच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. 'उकळून प्या' हा एकच मंत्र सर्व पाण्यांस लागू पडत नाही, हे सांगण्यापुरताच हा विषय येथे आणला. खेडेगावांविषयी स्वतंत्रपणे लिहू. तेथे निदान लाल, पिवळे, हिरवे कार्ड देऊन ग्रामपंचायतीच्या पाण्याची प्रतवारी लावण्याची पद्धत तरी आहे. शहरांस तेवढीही नाही, ही गोष्ट शहरवाल्यांनी लाज बाळगण्याजोगी आहे.

पैसा नाही, ही सबब आता पुढे येईल. तिला दोन उत्तरे आहेत, एक न्यायमंदिरातील व एक पांझरेकाठचे. रतलामच्या काही नागरिकांनी उघड्या गटारांविरुद्ध मॅजिस्ट्रेटाकडे अर्ज केला. म्युनिसिपालिटीने तिजोरीत पैसा नसल्याचे रडगाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट निकाल दिला की सार्वजनिक आरोग्याचे कर्तव्य टाळण्यास निर्धनतेची सबब चालणार नाही. 1991 साली त्याच न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला. ज्या कलमाखाली रतलामकरांनी अर्ज केला ते आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 152 वे कलम म्हणून उभे आहे. रतलामच्या सामान्य रहिवाशांस जे जमले ते जळगाव-धुळ्याच्या वकीलवर्गास जमणार नाही असे नाही.

पांझरेकाठचे उत्तर असे. 1884 साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत दाखल झालेले तरुण इंजिनियर विश्वेश्वरय्या नोकरीच्या आरंभीच या भागांत आले. धुळे जिल्ह्यात दातर्ती येथे त्यांनी उभारलेला सायफन अद्यापि लोक कौतुकाने पाहतात. पुढे दहा वर्षांनी ते सिंधमध्ये सक्कर येथे गेले. तेथील म्युनिसिपालिटीजवळ गाळण्या बांधण्यास पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी सिंधू नदीच्या पात्रातच विहीर खणली आणि नदीच्या वाळूलाच गाळणी बनवून 1895 साली शहरास निर्मळ पाणी दिले. पैसा नव्हता, पण कोणी तरी विचार केला होता. त्याहून मागे जावयाचे तर बुऱ्हाणपुराकडे पाहा. जुन्या खानदेशाच्या त्या राजधानीत 1615 च्या सुमारास अब्दुर रहीम खानखाना यांच्या काळात खणलेला कुंडी भंडारा डोंगराचे पाणी जमिनीखालून, ऊन-धूळ लागू न देता, नगरास पोचवीत असे. आणि पांझरेवरील फड? एकेका बंधाऱ्याचे पाणी कोणाच्या शेतास केव्हा जाईल हे साऱ्या गावास ठाऊक असे. पाटकऱ्याने कुचराई केली तर त्याचा जबाब गावासमोर होई. पाण्याचा हिशेब चारचौघांत मांडण्याची रीत या भूमीस नवी नाही.

तथापि सगळा दोष सरकारी घरात टाकून मोकळे होणे आम्हांस पसंत नाही. पाणीपट्टी थकविणाऱ्यांत झोपडीवालेच असतात असे नाही. थकबाकीच्या याद्यांत दुमजली-तिमजली घरांचीही नावे असतात. परवान्यावाचून घेतलेली प्रत्येक जोडणी म्हणजे मुख्य नळास पाडलेले एक भोक होय. त्यांतून पाणी बाहेर जाते आणि वर सांगितल्याप्रमाणे घाण आत येते. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडाजवळ मलकापूर आहे (आपल्या शेजारचे बुलढाण्याचे नव्हे). त्या लहानशा गावाने मीटर बसविले, वापराप्रमाणे पट्टी घेतली आणि चोवीस तास पाणी दिले. मीटर येताच पाणी जपून वापरले जाऊ लागले. धुळ्यास चोवीस तास पाणी उद्या द्या असे म्हणणे वेडेपणाचे होईल हे आम्ही जाणतो. पण एखादा विभाग निवडून, नवे नळ जेथे पडले आहेत तेथे, नळ सतत भरलेला ठेवण्याचा प्रयोग करण्यास काय हरकत आहे?

2026 च्या जानेवारीत निवडणुका होऊन दोन्ही शहरांची सभागृहे पुन्हा भरली. ही दोन्ही शहरे 2003 साली महानगरपालिका झाली; पुरेशा पाण्याची तजवीज हे अशा संस्थेचे ऐच्छिक नव्हे, बंधनकारक कर्तव्य असल्याचे 1949 च्या कायद्यात लिहिलेले आहे. नव्या सभासदांकडे आमचे मागणे मोठे नाही, व त्यास योजनेची, निविदेची किंवा कोनशिलेची गरज नाही. प्रत्येक वॉर्डात, टाकीपासून सर्वांत दूर असलेल्या तोटीशी, पाळीचे पहिले पाणी घेऊन दर आठवड्यास क्लोरीन मोजावा. हे काम एका छोट्या नळीत औषधाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो की नाही एवढे पाहण्याचे आहे. शाळेतील मुले ते करतील, आणि त्यांनीच करावे असे आम्हांस वाटते. महिन्यातून एकदा त्याच तोटीचा जंतूंसाठी नमुना प्रयोगशाळेत जावा. निकाल चांगला येवो की वाईट, वॉर्डाचे नाव घालून पालिकेच्या दारावर व वर्तमानपत्रांत छापावा. जेथे क्लोरीन आढळला नाही तेथला सांधा कोणत्या दिवशी उकरला तेही खाली लिहावे. आणि ज्या खासगी दवाखान्यांत काविळीचा रोगी येतो, त्यांनी त्याची वस्ती त्याच दिवशी आरोग्य विभागास कळवावी. रोग्याचे नाव नको, फक्त गल्ली.

व्यापारी मंडळांस आमची सूचना वेगळी आहे. दुकानांत जार घेताना त्याच्या पाण्याचा तपासणी-दाखला मागावा. दाखला न देणाऱ्याचा जार परत करावा. दहा पेढ्यांनी एका महिन्यात एवढे केले तरी जारवाल्यांस प्रयोगशाळेचा रस्ता आपोआप सापडेल. नळास लावलेली मोटार पेठेतील ज्यांनी ज्यांनी काढली त्यांच्या पेढ्यांची नावे आम्ही या पत्रात आनंदाने छापू. आणि पालिका आकडे छापीत नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली गेल्या बारा महिन्यांतील नमुन्यांचे निकाल मागण्यास दहा रुपये लागतात. आमचा अर्ज तयार आहे. धुळ्याचा वेगळा, जळगावचा वेगळा. आलेली उत्तरे जशीच्या तशी याच स्तंभात देऊ.